वाटेत परत घातलेले दगड

२ जुलै
१४८.
आरोग्य केंद्रातल्या नर्सबाईंनी ही वही दिली. रोज सकाळी रक्तदाब मोजायचा, त्यातला वरचा आकडा वहीत लिहायचा आणि महिना-दीड महिन्यानं वही आणून दाखवायची. मोजायचं मशीन माझी लेक नेलिदा हिनं कुस्कोहून आणलंय. दंडाला पट्टा गुंडाळून बटण दाबायचं काम माझी बायको सातुका करते. ते करताना ती खेचराचा तंग आवळत असल्यासारखी दिसते.

दोनशे पानी वहीत रोज एक आकडा म्हणजे कागदाची नासाडी. म्हणून उरलेल्या जागेत चार ओळी माझ्या. मी निकानोर चाल्को, वय एकसष्ट, चाळीस वर्षं खेचरं हाकली. आमच्या वायरापाता गावापासून खाली विल्कानोता नदीच्या पुलापर्यंत जी वाट उतरते, तिच्यावरून मी बटाट्याच्या किती गोण्या उतरवल्या आणि मिठाची किती पोती चढवली हे देवालाच ठाऊक. मग मोटाररस्ता झाला, खेचरं विकली, गुडघा गेला. आता मी बसून असतो आणि रक्तदाब चढत असतो.

आकडा जास्त येतो तो चीजमुळे. आमचं चीज खारट असतं. सातुका म्हणते, चीज बंद. नुसते उकडलेले बटाटे खाऊन माणूस जगतो, पण कशासाठी?

५ जुलै
१५६.
काल नेलिदा आली, दोन मैत्रिणी आणि तीन सायकली घेऊन. ती कुस्कोत पाहुण्यांना डोंगरी सायकलींवरून फिरवते. म्हणजे लोक पैसे मोजून विमानानं येतात आणि माझ्या पोरीच्या मागून डोंगरावरून स्वतःला खाली लोटून देतात. असो. पोटापाण्याचा धंदा आहे.

आता तिच्या डोक्यात आमची जुनी खेचरवाट आहे. मोटाररस्ता झाल्यापासून ओस पडलेली. तिथं सायकलींची वाट करायची. गावसभेनं एप्रिलमध्येच होकार दिला, अट एकच की वाट गावाची राहील. नऊ ऑगस्टला लिमाहून सायकलींच्या शर्यती भरवणारे कुणी सेन्योर बारेदा वाट बघायला येणार आहेत. त्यांना पटलं तर दरवर्षी इथं शर्यत होईल आणि वाटेची राखण करायला, पाहुण्यांना फिरवायला नेलिदाला इथंच कायमची नोकरी. नाही पटलं तर ती चिलीला जाणार. तिथल्या दक्षिणेत सायकलींचं कसलंसं उद्यान आहे, त्यांचं पत्र आलंय, नोव्हेंबरपासून कामावर या म्हणून. पंधरा ऑगस्टच्या आत त्यांना उत्तर हवंय.

जावं की तिनं. मला काय. तरुण माणसानं जग बघावं. मी काही त्या बापांपैकी नाही.

काल रात्री जेवताना चीज जरा जास्त झालं.

१३ जुलै
१६४.
नेलिदानं जाताना चिलीवाल्यांचं रंगीत माहितीपत्रक टेबलावर ठेवलं होतं. बर्फाचा डोंगर, तळं, हसणारी माणसं. मी सहज बघितलं. तिथले डोंगर आमच्यापुढे टेकड्या आहेत. सातुका म्हणाली, सहज बघायला तासभर लागला का?

मे महिन्यापासून दर शनिवार-रविवार पोरी फावडी घेऊन वाटेवर राबतात. नेलिदा म्हणाली, तायता (आमच्यात बापाला तायता म्हणतात), एकदा येऊन बघा ना मी कशी उतरते ते. मी म्हटलं, बघेन वेळ मिळाल्यावर. त्यावर सातुकानं चुलीकडे बघत म्हटलं, "सहा वर्षं झाली पोरगी सायकल चालवतेय. याला सहा वर्षं वेळ नाही. बसून असतो बिचारा, वेळ कुठून मिळणार."

मला खरंच कामं असतात.

चीज पूर्ण बंद करून बघतो.

१९ जुलै
१५९. चीज नाही, तरी. मशीन नीट नसावं.

आज पोरी नव्हत्या, कुस्कोत पाहुण्यांची गर्दी आहे. म्हणून काठी घेऊन एकटाच वाटेनं अर्ध्यापर्यंत उतरलो. पालोमा गेल्यापासून पहिल्यांदा. पालोमा माझं शेवटचं खेचर. ती डोळे मिटून ही वाट उतरायची.

वाटेची अवस्था बघवली नाही. सगळीकडे अर्धवट काम. एका ठिकाणी माती-दगडांचा माणसाच्या छातीएवढा ढीग, ऐन वाटेत. गोळा केला आणि उचलायला वेळ मिळाला नाही, उघड आहे. असे सात ढीग. कोंडोराच्या कड्याखाली तर साठ-सत्तर पावलं नुसते दगड विखुरलेले, डोक्याएवढे, गुडघ्याएवढे, जसे कुणी टोपलीतून ओतलेत. माझ्या खेचरांनी तिथं पाय ठेवला नसता. तीन पोरी, तीन फावडी, आठवड्याचे दोन दिवस. किती करणार? आणि स्वभाव असा की मागणार नाही. मदत मागायला जीभ वळत नाही, हे आईचं तिनं घेतलंय.

बारेदा साहेबांनी ही वाट बघितली तर गावाची अब्रू जाईल आणि पोरगी चिलीला.

यंदा फाएनाचा मुकादम मीच आहे. फाएना म्हणजे गावकाम, घरटी एक माणूस, नाही म्हणायची सोय नाही. ठरलं. पोरीला काही सांगायचं नाही. ती येईल तेव्हा वाट आरशासारखी.

२६ जुलै
१३१. बघा.

असा दिवस गावानं कित्येक वर्षांत बघितला नसेल. एकतीस घरं, घरटी एक तरी माणूस, काही घरांतून दोन-दोन. मी वरच्या कड्यावर उभा राहून शंख फुंकला आणि सगळे उतरले. माझा कोंपाद्रे लेओन्सियो, नेलिदाचा बाप्तिस्म्याचा धर्मपिता, पहारीसह सगळ्यांच्या पुढे. लहानपणी आम्ही एकमेकांच्या झिंज्या उपटल्यात, पण कोंपाद्रे झाल्यापासून अहोजाहो. दगड रचण्यात या खोऱ्यात त्याच्या तोडीचा माणूस नाही. ऐंशी वर्षांच्या दोन्या ग्रेगोरियासुद्धा आल्या. मी म्हटलं, तुम्ही बसा. त्या म्हणाल्या, बसायला मला पुढे भरपूर वेळ मिळणार आहे.

दुपारपर्यंत सातही ढीग सपाट. कड्याखालचे दगड एकूण एक उचलून दरीत लोटले. एकेक दगड खाली जाताना पोरं मोजत होती आणि बाया हसत होत्या. एका तीव्र उतारावर लेओन्सियोनं जमीन बघितली, मान तिरकी केली आणि म्हणाला, इथं पायऱ्याच पाहिजेत. संध्याकाळपर्यंत बेचाळीस पायऱ्या, अशा बसवल्या की मधल्या फटीत सुरी जाणार नाही. शेवटी केरसुण्यांनी वाट झाडून काढली. चिचाचे, म्हणजे आमच्या मक्याच्या दारूचे, दोन रांजण संपले.

माझ्या म्हाताऱ्या आईला पाठुंगळीला घेऊन मी या वाटेनं डोळे मिटून उतरेन, असं मी म्हटलं. आई नाही आता, पण लोकांना म्हणायचं ते कळलं.

गुडघा सुजलाय. काही हरकत नाही.

३० जुलै
१४०.
नेलिदा आली. सुट्टीची गर्दी संपली म्हणून दहा दिवस रजा काढून आलीय. मी काही बोललो नाही, फक्त म्हटलं, चल, वाट बघून येऊ. कधी नव्हे ते मी येतोय म्हटल्यावर तिचा चेहरा खुलला. सायकल हातात धरून निघाली.

पहिल्या वळणावर थांबली. दुसऱ्यावर थांबली. मग सायकल तिथंच ठेवून चालत सगळी वाट उतरून गेली. मी मागून काठी टेकत. कड्याखाली ती बराच वेळ उभी राहिली. पायऱ्यांवर जाऊन बसली आणि हातानं एक पायरी चाचपून बघितली.

मी विचारलं, "कशी झालीय?"

"छान झालीय वाट, तायता," ती म्हणाली. "सगळं गाव आलं होतं?"

मी म्हटलं, एकही घर मागे राहिलं नाही. तिनं मान हलवली. डोळ्यांत पाणी होतं. मलाही भरून आलं. पोरगी पार भारावून गेली. रात्री जेवलीसुद्धा नाही.

३१ जुलै
१७१.
सकाळी सातुकानं पट्टा गुंडाळला, आकडा बघितला, पट्टा सोडला आणि माझ्यासमोर बसली. म्हणाली, "निकानोर, आता नीट ऐक. ते ढीग नव्हते."

त्या उड्या होत्या. सायकल वेगात येते, त्या मातीच्या चढावरून हवेत जाते आणि पलीकडे उतरते. पोरींनी दोन महिने एकेक उडी मोजून-मापून रचली होती. आणि कड्याखालचे दगड त्यांनी ओतले नव्हते, निवडून लावले होते. त्याला त्यांच्यात दगडांची बाग म्हणतात. ना फूल ना पान, पण बाग. सायकलवाले इतक्या लांबून येतात ते तेवढ्यासाठीच. गुळगुळीत वाट त्यांना त्यांच्या घराजवळही मिळते.

मी म्हटलं, मग तिनं काल सांगितलं का नाही?

"काय सांगणार? सगळं गाव झाडून गेलंय म्हणून तू छाती फुगवून उभा होतास," सातुका म्हणाली. "रात्रभर रडली ती. एकदा जरी तिला उतरताना बघितलं असतंस तर ढीग कुठला आणि उडी कुठली ते कळलं असतं तुला."

दिवसभर ओट्यावर बसलो. बारेदा साहेब नऊ तारखेला येणार. ते येऊन काय बघणार? बेचाळीस पायऱ्या आणि केरसुणीच्या खुणा. पोरगी चिलीला जाणार आणि तिला मीच पाठवलं, वाट झाडून.

मी तिला उतरताना बघायला कधी गेलो नाही कारण मला भीती वाटते. कामबिम काही नसतं. चाळीस वर्षांत मी या वाटेवर दोन खेचरं आणि एक भाऊ दरीत जाताना बघितलाय. आणि तिनं चिलीला जाऊ नये असं मला वाटतं. अजिबात जाऊ नये. जग बघायचं तर कुस्कोला जाऊन बघावं. लिहून टाकलं. आता नर्सबाईंनी वाचलं तर वाचू दे.

१ ऑगस्ट
१६६.
सकाळी नेलिदाजवळ गेलो. ती सायकलीची साखळी पुसत होती. मी म्हटलं, मी गाढव आहे. ती म्हणाली, "तुम्ही खेचरवाले आहात, तायता. तुम्ही खेचरासाठी वाट केली."

तिला विचारलं, खरंच तुला ही वाट हवी होती की नुसती आई-बापासाठी? ती म्हणाली, सहा वर्षं दुसऱ्यांच्या वाटा दाखवत फिरतेय, एक तरी आपली दाखवावी असं वाटत होतं.

मी म्हटलं, मग परत करू. नऊ दिवस आहेत, छे, आठ. ती हसली, पहिल्यांदा. म्हणाली, आज तारीख काय आहे?

एक ऑगस्ट. मी विसरलोच होतो. आजपासून जमीन उघडी असते, भुकेली असते. या दिवसांत तिला नैवेद्य द्यायचा, कोकाची पानं, लामाची चरबी, चिचा. कुदळ मात्र लावायची नाही. या आठवड्यात जमीन खणणारा माणूस वायरापातात सापडणार नाही, आणि सापडला तर त्याच्या शेजारी कुणी बसणार नाही. मातीच्या उड्या कुदळीशिवाय कशा होणार?

संध्याकाळी आम्ही तिघांनी अंगणात नैवेद्य दिला. मी जमिनीकडे जे मागायचं ते मागितलं.

२ ऑगस्ट
१५१.
तोडगा दोन्या ग्रेगोरियांनी काढला. मी त्यांच्या दारात तोंड पाडून उभा होतो, सगळं सांगितलं. त्या मका भाजत होत्या. सगळं ऐकून म्हणाल्या, जमिनीला टोचायचं नाही. तिच्या अंगावर दगड ठेवले तर तिला काय होतंय? आपल्या पायऱ्या-पायऱ्यांच्या शेतांचे गडगे आपले आजे-पणजे बारा महिने रचायचेच की.

गडगे! पण ही फाएना होऊ शकत नाही. गावाची फाएना होऊन गेली, चूक माझी. म्हणजे आयनी. आज तू माझ्याकडे राब, उद्या मी तुझ्याकडे, दिवसाला दिवस. एकतीस दारं फिरलो. प्रत्येक दारात तेच सांगायचं: आपण जे दगड काढले ते परत घालायचेत. पहिल्या पाच घरांत मी मान खाली घालून बोललो. मग लक्षात आलं की लोक हसू दाबतायत, म्हणून पुढे मी स्वतःच आधी हसायला लागलो. काम लवकर उरकलं.

कोंपाद्रे लेओन्सियोला वाईट वाटलं ते फक्त पायऱ्यांचं. म्हणाला, "कोंपाद्रे, दगड परत घालू, ढीग परत घालू, पण त्या पायऱ्या उखडायला मला बोलावू नका." मी म्हटलं, पोरीला विचारतो.

नेलिदा म्हणाली, पायऱ्यांना कुणी हात लावायचा नाही.

एकतीस दिवस दुसऱ्यांच्या शेतात. या गुडघ्यानं. बघू.

४ ऑगस्ट
१२६. सकाळी, दगड उचलण्याआधी.

आज काय झालं ते लिहायला ही वही पुरायची नाही. नेलिदा वर उभी राहून हातवारे करत होती आणि गाव खाली दगड वाहत होतं. गेल्या आठवड्यात दरीत लोटलेले दगड दोरांनी वर ओढून आणले. त्यातले काही लोकांनी ओळखले. हा माझा, याच्यामुळे माझी पाठ धरली होती, असं चाललेलं. आणि नेलिदाचं म्हणणं काय, तर तो दगड असा नाही, तिरका. अजून तिरका. नाही, तो पडायला आला पाहिजे पण पडता कामा नये. लेओन्सियोनं आयुष्यभर दगड सपाट बसवले, त्याला घाम फुटला. शेवटी म्हणाला, "पोरी, मी चूक करायचा प्रयत्न करतोय, पण हात ऐकत नाहीत."

दोन्या ग्रेगोरिया शालीत लहान दगड घेऊन येत होत्या आणि बागेत पेरल्यासारखे टाकत होत्या. मला म्हणाल्या, "जन्मभर वाटेतले दगड काढले, निकानोर. आता मरायच्या वयात तू मला घालायला लावतोस. वर गेल्यावर विचारलं तर मी तुझं नाव सांगणार." आणि इतक्या हसल्या की त्यांना खाली बसवावं लागलं. मग त्यांच्यामुळे सगळेच बसले.

उड्यांच्या जागी गडगे उभे राहिले. कुदळ कुणी उचलली नाही. एका बाजूनं दगडांचा चढ, वरती चपट्या फरश्या, पलीकडे उतरायला लांब घसरण. सात नाही, तीनच झाले. पण एकदा उभे राहिले की हे गडगे आमच्या नातवंडांच्या नातवंडांपर्यंत हलायचे नाहीत.

ऊन उतरायला लागल्यावर नेलिदानं हेल्मेट घातलं. मी घरी जायला वळलो होतो. दोन्या ग्रेगोरियांनी माझी काठीच धरून ठेवली. वरून चाकांचा आवाज आला, बागेतले दगड खडखडले, आणि मी डोळे मिटले.

"डोळे उघड, मेल्या," दोन्या ग्रेगोरिया म्हणाल्या. "पोरगी हवेत आहे."

उघडले. ती खरंच हवेत होती. मागे नदी, तिच्या काठचे मक्याच्या शेतांचे तुकडे, आणि त्या सगळ्याच्या वर माझी पोरगी, दोन्ही पायांवर उभी, पालोमासारखी सावध. मग ती उतरली, बेचाळीस पायऱ्या धडधडत गेली आणि वळणाआड दिसेनाशी झाली. गावानं शिट्ट्या मारल्या. मी मारायला गेलो, नुसती हवा निघाली. सहा वर्षं मी काय काय बघायचं चुकवलं कुणास ठाऊक.

संध्याकाळी नेलिदाला म्हटलं, कुणाकडे कुठल्या दिवशी जायचं ते घरोघरी विचारून या वहीच्या शेवटच्या पानांवर लिही, तुझं अक्षर चांगलं आहे. ती विचारून आली आणि चुलीपाशी वही घेऊन बसली. एकतीस नावं लिहायला चांगला दीड तास लावला. वही परत दिली तेव्हा डोळे लाल होते. चुलीत ओलं लाकूड होतं आज.

९ ऑगस्ट
१३८.
सेन्योर बारेदा आले. सडपातळ माणूस, गुडघ्यांवर आणि कोपरांवर चिलखत. गाव रांगेनं बसलं होतं, जत्रेत बसावं तसं. एकाच्याही तोंडून शब्द नाही. पाहुणा संकोचला.

पहिला गडगा त्यांनी घेतला. दुसरा घेतला. बागेत दोनदा पाय टेकला. पायऱ्यांवर मात्र पुढचं चाक चुकलं आणि साहेब विसाव्या पायरीवर जाऊन बसले, अगदी नेलिदा त्या दिवशी बसली होती तिथं. लेओन्सियो धावत गेला, साहेबांना नव्हे, पायरीला काही झालं का बघायला. साहेब बसल्या बसल्या दगडावरून हात फिरवत होते. म्हणाले, "या कुणी बसवल्या? कुठल्या कंपनीनं?"

लेओन्सियोनं स्वतःचे दोन्ही हात पुढे केले. उत्तर म्हणून तेवढं पुरलं.

चिचा पिऊन झाल्यावर साहेबांनी सांगितलं की अशी वाट त्यांनी कुठे बघितली नाही. पण म्हणूनच त्यांना एकट्याला ठरवता येत नाही. लिमात बाकीच्यांसमोर मांडावं लागेल, विमा, परवाने, कागद. उत्तर ऑक्टोबरमध्ये.

ऑक्टोबर. चिलीला उत्तर पंधरा ऑगस्टला.

नेलिदानं त्यांचे आभार मानले, त्यांना पुलापर्यंत सोडून आली. मी तिच्याकडे बघायचं टाळलं. इतकं सगळं करून आम्ही दोन महिन्यांनी कमी पडलो.

१२ ऑगस्ट
१५८.
नेलिदा परवा कुस्कोला गेली. शनिवारी खाली काल्का गावात देवीच्या जत्रेला भेटू म्हणाली. मी चिलीचं काही विचारलं नाही. विचारलं की उत्तर मिळतं.

गुडघ्याला गरम पाण्यानं शेकलं. सातुका म्हणाली, आयनीचे दिवस कधीपासून आहेत ते तरी बघून ठेव. म्हटलं, बघतो. एवढ्यात कुणाच्याही शेतात काम नाही, घाई कसली.

१५ ऑगस्ट
जत्रेला निघण्याआधी लिहितोय. आकडा शेवटी लिहीन.

सकाळी शेवटची पानं उघडली, पहिला दिवस कुणाकडे आहे ते बघायला. नेलिदाचं अक्षर खरंच चांगलं आहे. तीन रकाने पाडलेत: घर, काम, कोण जाणार. सप्टेंबरातले दोन दिवस, मक्याची पेरणी, निकानोर. ऑक्टोबरात तीन दिवस, निकानोर, हलकी कामं. इथपर्यंत ठीक.

पुढे नोव्हेंबर. कोंपाद्रे लेओन्सियो, बटाट्याची लावणी: नेलिदा. अकरा नोव्हेंबर, दोन्या ग्रेगोरिया, बटाट्याची लावणी: नेलिदा. डिसेंबर, जानेवारी, बटाट्याला भर लावणं: नेलिदा, नेलिदा, नेलिदा. मे महिना, काढणी, नऊ घरं, सगळीकडे नेलिदा. आणि अगदी खाली, पुढच्या वर्षीच्या जूनमध्ये, कडाक्याच्या थंडीत पहाटे गोठलेले बटाटे सुकवायला पायांनी तुडवायचे, ते दोन्या ग्रेगोरियांच्या सुनेकडे: नेलिदा.

मी सातुकाला हाक मारली. म्हटलं, पोरीला महिने कळत नाहीत का? नोव्हेंबरपासून चिलीला असणारी मुलगी मे महिन्यात इथं बटाटे कशी काढणार? लोकांना शब्द दिलाय. आयनी आहे ही, चेष्टा नाही.

सातुका वेणी घालत होती. तिनं आधी वेणी पुरी केली. मग म्हणाली, "चिलीला तिनं पाच तारखेलाच नाही म्हणून कळवलं. तायताला वहीत दिसेल म्हणाली. तू फक्त आपली पानं वाचत बसशील हे तिला काय माहीत."

पाच तारखेला. बारेदा यायच्या चार दिवस आधी. त्यांचा होकार मिळेल की नाही हे माहीत नसताना.

मी वही मिटली. पुन्हा उघडली. सगळी नावं पुन्हा वाचली, जूनपर्यंत. मग ओट्यावर जाऊन बसलो आणि चांगला मोठ्यानं रडलो, शेजारच्या घराला ऐकू जाईल इतका. सातुकानं उकडलेले बटाटे आणून ठेवले आणि त्यांच्या शेजारी चीजचा तुकडा, तळहाताएवढा. मी तो सगळा खाल्ला. मग तिनं पट्टा गुंडाळला.

१२२. मशीन नक्की बिघडलंय. सोमवारी नर्सबाईंना दाखवलं पाहिजे.